सुट्टीवर गेलेल्या बाई

रायपूरच्या शंकर नगरमध्ये एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. ज्या लहान मुलांना चालायला, बोलायला, हात वापरायला त्रास होतो, ती मुलं इथं थेरपीला येतात. अशा मुलांचं केंद्र वरच्या मजल्यावर का, हे विचारू नका. लिफ्ट बंद पडली की आईबाप त्यांना कडेवर घेऊन जिने चढतात, आणि आमचे संचालक आपल्या केबिनमधून ते बघतात.

मी नीलकंठ, इथला विशेष शिक्षक. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्या विनोदिनी गजभिये आमच्या प्रमुख होत्या. आम्ही सगळे त्यांना दीदी म्हणायचो. त्यांचे वडील गंगाधर रेल्वेच्या नोकरीसाठी भंडारा जिल्ह्यातून रायपूरला आले आणि इथलेच झाले. दीदी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढल्या. शाळा हिंदी, घरात मराठी. नागपूरला ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या. बरोबरच्या मुली पुण्याला गेल्या, कोणी परदेशात गेल्या; दीदी आईच्या आजारपणासाठी परत आल्या आणि राहिल्या. उंच, आवाज मोठा, दुपारचा डबा सगळ्यांसोबत एकाच टेबलावर खाणार आणि प्रत्येकाच्या भाजीला नावं ठेवणार. नवीन माणूस आला की त्याला पहिला आठवडा मुलांना हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, पहिले पोट्ट्याले पाहा, तुले काय येते ते मंग दाखव.

मग शहराबाहेर वसलेल्या नवा रायपुरात एक मोठं हॉस्पिटल झालं आणि त्यात मुलांचा असाच विभाग निघाला. पगार चांगला, जागा चांगली. आमची माणसं तिकडे जाणार हे उघड होतं, आणि त्यात काही पाप नव्हतं. पहिली गेली रीना, आमची स्पीच थेरपिस्ट. तिनं रीतसर महिन्याची नोटीस दिली.

आमचे संचालक सुधाकर देवपुजारी आधी कुठल्याशा कंपनीत होते. त्यांना वाटलं, महिनाभर ठेवली तर ही मुलांच्या घरच्यांनाही सोबत घेऊन जाईल. त्यांनी त्याच दुपारी तिची बॅग खोलीतून बाहेर आणवली आणि तिला जायला सांगितलं. कोणत्याही कुटुंबाशी बोलायचं नाही, अशी तंबीही दिली. आम्हाला सांगितलं की दुसरं कोणी मिळेपर्यंत विचारणाऱ्याला 'मॅडम सुट्टीवर आहेत' एवढंच सांगायचं. दीदी केबिनमध्ये बराच वेळ भांडल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल होता. आठवड्याभरात कोणीतरी मिळेल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं आणि त्यांनी ते मानलं.

कोणी मिळालं नाही. आठवड्याचे दोन महिने झाले आणि रीना आपली सुट्टीवरच.

अभनपूरहून मीराबाई नावाची आजी आपल्या नातवाला घेऊन बसनं यायची. नातवाचं नाव यशदीप, वय सात. बोलत नव्हता. रीनानं त्याला चित्रांची कार्डं द्यायला शिकवलं होतं: पाणी हवं तर पाण्याचं, झोका हवा तर झोक्याचं. खूप महिन्यांनी कार्ड देताना त्याच्या तोंडून 'पा' असा आवाज निघायला लागला होता. त्या दिवशी रीना रडली होती आणि दीदींनी सगळ्यांना समोसे आणवले होते.

रीना गेल्यावर यशदीप तिच्या बंद दारासमोर जमिनीवर बसायला लागला. उठवलं तर हाताला चावायचा, स्वतःच्याच. मग त्यानं कार्डं देणं बंद केलं. 'पा'सुद्धा गेलं. मीराबाई दर वेळी विचारायची, मॅडम कधी येतात. आणि आमचा रिसेप्शनवरचा माणूस दर वेळी सांगायचा, सुट्टीवर आहेत. इतकी मोठी सुट्टी म्हणजे बाई आजारीच असणार, असं तिनं मनाशी ठरवलं. विहारात वंदनेला गेली तेव्हा रीनाला बरं वाटावं म्हणून तिनं एक मेणबत्ती जास्तीची लावली. हे तिनंच मला मोठ्या काळजीनं सांगितलं. रीना तेव्हा ठणठणीत होती आणि नवा रायपुरात काम करत होती.

शेवटी अभनपूरच्याच कोणीतरी रीनाला त्या हॉस्पिटलात पाहिलं. पुढच्या खेपेला मीराबाई यशदीपला घेऊन वर आली ती सरळ दीदींच्या खोलीत. मी तिथंच होतो. ती ओरडली नाही.

"बाई, ते गेली त्याचा मले राग नाही," ती म्हणाली. "पोटासाठी सगळेच जातात. पण या लेकराले वाटलं, त्याचंच काही चुकलं म्हणून बाई रुसली. तुमी सांगितलं असतं तर तो एक डाव रडला असता. आता रोज रडते."

दीदी खुर्चीवरून उठल्या आणि खाली यशदीपजवळ बसल्या. त्यांनी मीराबाईला सगळं खरं सांगितलं, स्वतः गप्प राहिल्या तेही. मग तिच्यासमोरच रीनाला फोन लावला. संचालकांची तंबी बाजूला ठेवून रीना त्या रविवारी अभनपूरला गेली. यशदीपनं आधी तिच्याकडे पाठ केली, मग बऱ्याच वेळानं येऊन तिच्या मांडीला टेकला. पुन्हा 'पा'पर्यंत यायला त्याला सगळा पावसाळा लागला. एका कंपनीवाल्या हिशोबापायी एका मुलाचे इतके महिने गेले, आणि त्याबद्दल ना कुणाला जाब विचारला गेला ना कुणाला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना दीदींनी आम्हाला सांगितलं, "ज्याले जायचं असंल त्यानं मले पहिले सांगायचं. मी रोखणार नाही, रागावणार नाही. राजीनामा देईपर्यंत कोणाजवळ बोलणार नाही. पण पोरांपासून चोरून या जागेतून आता कोणी जाणार नाही."

काही दिवसांनी आमचा फिजिओ अश्विन त्यांच्या दाराशी घुटमळताना दिसला. त्याला बिलासपूरला काम मिळालं होतं, बायकोची नोकरीही तिकडेच होती. त्यानं कसंबसं सांगितलं. दीदींनी आधी विचारलं, तिकडे घर मिळालं का. मग दार लावून दोघं बसले आणि तो बघत असलेल्या एकेका मुलाबद्दल बोलले: कोणाला कोण झेपेल, कोण कशाला घाबरतं, कोणाच्या आईला आधी सांगावं लागेल.

अश्विनची मुलं रुचिताकडे द्यायचं ठरलं. रुचिता आमच्यात सगळ्यांत नवी. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. अश्विननं नोटीस दिली, आणि या वेळी दीदींनी त्याला त्याच दुपारी काढू दिलं नाही. त्या नोटिशीच्या काळात दोघं एकत्र काम करायला लागले. आधी अश्विन मुलाला उभं करायचा आणि रुचिता शेजारी बसायची. मग रुचिता करायची आणि अश्विन शेजारी. शेवटी अश्विन दाराबाहेर बसायचा, हाक आली तरच आत. आम्ही त्याला 'सोबतीचे दिवस' म्हणायला लागलो. घरच्यांना दीदींनी स्वतः सांगितलं, तोंडावर, पहिल्याच दिवशी. अश्विनच्या शेवटच्या दिवशी एका मुलीनं त्याला आपला चेंडू दिला, एकानं गुद्दा मारला. अश्विननं दोन्ही घेतलं.

मागे राहिलेल्यांवर कामाचा ढीग पडू नये म्हणून दीदींनी काही मुलं स्वतःकडे घेतली, आणि नवीन माणूस येईपर्यंत नवीन मुलं घ्यायची नाहीत असं वर कळवलं. एकही कुटुंब केंद्र सोडून गेलं नाही. दुसऱ्या कुठल्या संस्थेत अशा बाईचं कौतुक झालं असतं.

आमच्याकडे मीटिंग बोलावली गेली. सुधाकर सर आधी शिस्तीवर बोलले, मग नव्या प्रवेशांवर, मग म्हणाले की सोडून जाणारे गद्दार असतात, आणि इथं काही लोक गद्दारांना पळायला मदत करतात. अश्विनचं अनुभवाचं प्रमाणपत्र रोखून धरायचं असंही त्यांनी सांगितलं. आम्ही माना खाली घालून ऐकत होतो. दीदी उभ्या राहिल्या. त्यांच्याशी त्या नेहमी जपून, पुस्तकी मराठी बोलायच्या. त्या दिवशी घरचीच भाषा आली.

"सर, अश्विन इथं वर्षानुवर्षं जमिनीवर बसून पोरांले उभं करून राहिला होता. त्याले गद्दार म्हणायचं असंल तर माह्यासमोर म्हणू नका."

"मॅडम, ही संस्था आहे. तुमचं घर नाही."

"घरात मी कोण्या म्हातारीशी एवढं खोटं बोलली नसती."

पुढच्याच आठवड्यात इंदूरहून एक गृहस्थ सेंटर मॅनेजर म्हणून आले. दीदींचं प्रमुखपद गेलं. खोली काढून घेतली, टेबल व्हरांड्यात लावलं. अश्विन नोटीस न देता गेला असं लिहिलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सही केली नाही. दोन महिने त्या व्हरांड्यातून मुलं बघत राहिल्या, एकाही मुलाची वेळ चुकवली नाही. मग राजीनामा दिला. नोटीस महिन्याची होती, पण त्यांनाही रीनासारखंच त्याच दुपारी जायला सांगितलं. आणि खालच्या गार्डला सांगून ठेवलं की मॅडमना वर सोडू नको. ज्या जिन्यावरून त्यांनी लिफ्ट बंद असताना कितीतरी मुलं उचलून आणली, त्या जिन्यावर त्यांना बंदी.

दीदींनी गार्डशी वाद घातला नाही. तो बिचारा हात जोडून उभा होता. त्यांनी रुचिताला आणि मला फोन केला. पुढचे सगळे रविवार आम्ही दोन स्कूटींवर मुलांच्या घरी गेलो, कधी अभनपूर, कधी रेल्वे कॉलनी, कधी गावाबाहेरच्या एखाद्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत. प्रत्येक घरी दीदी सांगायच्या की मी काम सोडलं, आता हे दोघं बघतील. मग मुलासोबत आम्हाला बसवायच्या आणि स्वतः दाराशी जाऊन बसायच्या. काम सुटलेली, अपमान होऊन बाहेर पडलेली बाई स्वतःच्या पेट्रोलवर हे करत होती. इंदूरचे गृहस्थ तोवर आमच्या हजेरीच्या वेळा तपासत होते.

दीदी गेल्यानंतर पहिल्या सोमवारी केंद्रातला फोन वाजला. रिसेप्शनवर कोणी नव्हतं म्हणून रुचितानं उचलला. एका मुलाची आई दीदींना विचारत होती. आम्ही काही जण तिथंच होतो, सुधाकर सरही. त्यांनी हळूच सांगितलं, "छुट्टी पे हैं, बोल दो."

रुचितानं त्यांच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "विनोदिनी दीदी ने यहाँ का काम छोड़ दिया है. आपके बच्चे को अब मैं देखूँगी. वो मुझे सब समझाकर गई हैं."

सरांनी आमच्याकडे पाहिलं. या वेळी कोणाची मान खाली नव्हती. ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. रुचिताला त्यांनी काढलं नाही. एकीला काढलं असतं तर सगळेच उठलो असतो, हे त्यांना दिसलं असावं. इंदूरचे गृहस्थ चार महिन्यांत एका सकाळी न सांगता निघून गेले. त्यांच्या दारासमोर यशदीपसारखं कोणी बसलं नाही.

दीदी आता नवा रायपुरात त्याच हॉस्पिटलात आहेत. तिथं बस क्वचित जाते म्हणून मीराबाईसारख्या कोणाला जाता येत नाही, हे त्यांना जाचतं आणि त्यावरून त्या तिथल्या साहेबांशी भांडत असतात.

गेल्या महिन्यात नवा रायपुरातल्या एका सभागृहात अशा केंद्रांचा मेळावा झाला. सुधाकर सरांनी भाषण केलं. पडद्यावर 'आमची सोबत पद्धत' असं लिहिलेलं होतं. माणूस जातो तेव्हा नव्या माणसाला त्याच्यासोबत कसं बसवायचं, मग कसं हळूहळू बाजूला व्हायचं, सगळं त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनोदिनी गजभिये हे नाव पडद्यावर नव्हतं, भाषणातही नव्हतं. माझे हात मांडीवरच राहिले. बाहेर येऊन मी दीदींना फोन केला आणि तावातावानं सगळं ऐकवलं. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

मग विचारलं, "नावाचं सोड. घरच्यांले पहिल्या दिवशी सांगायचं, हे सांगितलं का त्यानं?"

"नाही दीदी. तेवढंच गाळलं."

त्यांचा आवाज चढला. "म्हणजे अजून खोटंच सांगून राहिले? तू तिथं काहून बसून होता मंग? उद्या जा अन् विचार त्याले."

मी गेलो. माझ्यासोबत रुचिताही आली. सर म्हणाले, बघू. तेव्हापासून दर सोमवारी आम्ही दोघं जातो, आणि ते दर सोमवारी बघू म्हणतात. कोणी जाणार असेल तर कुटुंबांना मात्र आम्ही त्यांच्या परवानगीशिवायच सांगतो.