देवाचा कोंबडा पडेगावला

घासाघीस न करता मी आयुष्यात काही विकत घेतलेलं नाही. वाळूजला हातगाडीवर भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःचं गोदाम आहे. ते काय ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून उभं राहिलं नाही. देवाशीही माझा व्यवहार तसाच. त्याची इच्छा मला मान्य असते, फक्त थोडी कमी-जास्त करून.

त्या वर्षी कापणीच्या सणाला मी गोदामात वाढवलेला तांबडा कोंबडा पिशवीत घालून चर्चला नेला. आमच्यात या दिवशी जो तो भोपळा, ज्वारी, अंडी, जे असेल ते वेदीपुढं ठेवतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. माझ्या कोंबड्यावर आधीच बऱ्याच जणांचा डोळा होता. मी खुशीत होतो.

आणि पाळकांनी उपदेशाला नेमकं ते वचन घेतलं: अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण वेदीपुढं ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.

माझं डोकंच फिरलं. पडेगावच्या धाकट्या भावाला मी भंगार विकून शिकवलं, आणि त्यानं मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं ते फोनवर. थोरल्या भावाला! मी लग्नाला गेलो नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

मी मनातल्या मनात भाव करायला लागलो. देवा, नाताळला बोलतो. बरं, आज फोन करतो. मिस कॉल चालेल?

गाणं सुरू झालं तशी बायको बायकांच्या बाजूनं उठून आली. “किती घासाघीस करता? त्याचा भाव एकच असतो. जा पडेगावला.”

“वचनात भावाच्या मनात काही असलं तर म्हटलंय. इथं तर माझ्या मनात आहे.”

“वकिली नको. रात्रपाळी करून आता घरीच असंल तो. जा!”

रागारागात निघालो. पडेगावच्या रस्त्यावर लोक बघून हसायला लागले तेव्हा कळलं, अर्पण वेदीपुढं ठेवायचं राहिलं होतं. कोंबडा मोटारसायकलच्या हँडलला लटकून पिशवीतून मान काढून आरवत होता.

दार भावजयीनं उघडलं. आधी मला बघितलं, मग पिशवी. “अहो, उठा! भाऊजी आले, कोंबडं घेऊन आले!” आणि मी आत शिरेपर्यंत तिनं तव्यावर खोबरं भाजायला टाकलंसुद्धा.

“अगं, हा देवाचा आहे!”

“सगळं देवाचंच आहे भाऊजी. बसा.”

भाऊ बनियनवर डोळे चोळत आला. कोंबडा तेवढा बोलत होता.

शेवटी मीच तोंड उघडलं. “फोनवर का बोलावलंस?”

“भ्यालो, दादा. घरी आलो असतो तर तू मंडपवाल्याचा भाव पाडला असता, मग आचाऱ्याचा, मग नवरदेवाचा.”

ओरडायचं ठरवून तोंड उघडलं आणि हसूच बाहेर आलं. तोही हसायला लागला. डोळे पुसता पुसता मला आठवलं. “अरे, लिलाव!”

भावजयीच्या हातून कोंबडा सोडवला आणि आम्ही तिघं, कोंबड्यासकट चौघं, एका मोटारसायकलवर चर्चला पोचलो. शेवटचा भोपळा चालला होता. मी कोंबडा वेदीपुढं ठेवला. बोली सुरू झाली. पहिली बोली भावाची. मी सवयीनं त्याच्याहून कमी बोललो.

मंडळी खो-खो हसली. “चढवायचं असतं, दादा!” भाऊ ओरडला. मग मी चढवलं, त्यानं चढवलं, इतर सगळे बसून मजा बघत राहिले. शेवटी कोंबडा त्याला गेला.

तो काखेत घेऊन भाऊ सगळ्या मंडळीसमोर माझ्यापुढं उभा राहिला. “दादा, वहिनीला घेऊन संध्याकाळी जेवायला ये. तोंडानं सांगतोय, फोनवर नाय.”

“खोबरं भाजून ठेवलंय,” मागून भावजय.

दोन्ही तंगड्या माझ्या, असं म्हणणार होतो. बायकोकडं नजर गेली.

“येतो,” म्हणालो.