दोन वाट्यांतले बलक

दोन वाट्यांत दोन बलक आहेत. दुकानातल्या अंड्याचा फिकट, गावरान अंड्याचा शेंदरी. रेनेसाँच्या सुरुवातीला इटलीतले चित्रकार बलकातच रंग कालवत. तरुण, गोऱ्या चेहऱ्यासाठी फिकट बलक आणि म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्यासाठी लालसर, असं ते मानत. खिडकीशी मटार सोलत बसलेल्या आईचं चित्र काढताना माझा हात मात्र आपसूक फिकट वाटीकडे गेला. तिला बरं वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. गाल उजळले, सुरकुत्या पुसट झाल्या.

आईने पदराने चष्मा पुसला आणि चित्र निरखून पाहिलं.

"गोड आहे गं पोरगी," ती म्हणाली. "माझं कधी काढशील?"

माझी नजर दुसऱ्या वाटीकडे गेली. शेंदरी बलक वाटीत तसाच सुकत होता, अगदी तिच्या रंगाचा.