मर्यादेचं पुस्तक

आमच्या ह्यांना पुस्तकं जमवायचा नाद होता. वाचायचा नव्हता. हे दोन नाद वेगळे असतात हे मला लग्नानंतर कळलं. माझ्या बापाला तेही कळलं नसावं, कारण मुलाच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे एवढं ऐकूनच त्यानं सोयरीक पक्की केली होती. मी सातवी पास. माहेरी धनजला हाताला लागेल ते वाचायची: पंचांग, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, बियाण्याच्या पोत्यावरची अक्षरं. बापाला वाटलं, पोरीची जन्माची सोय झाली. अनसिंगला येऊन पाहते तर कपाटाला कुलूप, आणि किल्ली ह्यांच्या करदोट्याला.

हे तिथल्या शाळेत मास्तर होते. शेत थोडं आणि पगार त्याहून थोडा. तरी अधूनमधून पुण्याहून व्ही.पी., म्हणजे पोस्टात पैसे भरून सोडवायचं पुडकं, यायची आणि पोस्टमन ओसरीवर पाणी पिऊन, ह्यांच्याकडं जरा कीव आल्यासारखं बघून जायचा. पुडक्यातून निघायची ती साधी पुस्तकं नव्हेत. मोजक्याच प्रती छापायच्या, जाड हातकागदावर, पहिल्या पानावर शाईनं प्रतीचा क्रमांक टाकायचा आणि खाली कवीची लफ्फेदार सही. ह्याला मर्यादित आवृत्ती म्हणतात. छापखान्यात कागदाला जशी घडी पडलेली असेल तशीच पानं कडेला जोडलेली यायची. ती वाचणाऱ्यानं कापून घ्यायची असतात. पण आमच्याकडं कापायला बंदी होती. अकोल्याला ह्यांचे एक वकील स्नेही होते, ह्या नादातले गुरूच. त्यांची शिकवण अशी की पान कापलं की पुस्तक बाटलं.

म्हणून दर रविवारी हे आंघोळ करून कपाट उघडायचे, जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक पुस्तक पुसायचे, नाकाशी धरून वास घ्यायचे आणि परत ठेवायचे. मी एकदा म्हटलं, मला वाचायला द्या एखादं. तर म्हणाले, ही वाचायची नाहीत. मग कशाची आहेत, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. पण तेव्हा मी नवी होते.

ह्या संसारात काटकसर कशी करायची ते कुणी आमच्याकडून शिकावं. ह्यांनी तंबाखू सोडली, वहाणा तळ लावून लावून वापरल्या, आणि मी काय काय सोडलं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

कपाट भरत आलं तशी भिंतींची पाळी आली. दिवाळी अंकातली रंगीत चित्रं हे पात्यानं कापून काढायचे आणि घराला कलेची दृष्टी हवी म्हणून वाशीमच्या बाजारात तसबिरी करायला न्यायचे. तिथला तसबीरवाला जन्मभर देवच मढवत आलेला. त्याच्याकडं चौकटी होत्या त्या देवांच्या मापाच्या, आणि नवी चौकट करून घ्यायची आमची ऐपत नव्हती. तेव्हा चित्रच चौकटीच्या मापाचं करायचं. नदीचं एक चित्र होतं, त्यातली नाव अर्धी गेली. वल्हं राहिलं, नावाडी कापला गेला. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या चित्राचं तर त्यानं सोनंच केलं. देवीच्या तसबिरीला लावतात तशी तिच्या लुगड्याच्या काठाला खरी जर चिकटवली, पदराला टिकल्या लावल्या, आणि ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत. हे आजारी पडल्यासारखे घरी आले. पण टाकून देणं परवडणारं नव्हतं, म्हणून बाई भिंतीवर गेली. शुक्रवारी सासूबाईंनी तिला हळदीकुंकू वाहिलं.

सासूबाई म्हणजे घरातलं खरं सरकार. लवकर विधवा झालेली, शेत राखून लेकाला मास्तर केलेली बाई. अक्षर एक येत नव्हतं, पण सुनेनं काय वाचावं ह्यावर त्यांची मतं ठाम होती. पोथी चालेल. कथाकादंबरी हातात दिसली की चूल विझली म्हणून समजा, असं त्या चारचौघीत माझ्याकडं बघून म्हणायच्या. घरात मुलाचं कुलूप आणि आईचा पहारा, मधे मी सातवी पास. रात्री अंथरुणावर पडून मी बाटलीवरची चिठ्ठी आठवून म्हणायची: "वापरण्यापूर्वी चांगले हलवावे." हसू यायचं आणि रडूही.

तर एकदा एक नवी व्ही.पी. आली. एका प्रेमकाव्याची प्रत, मोठी देखणी, आत चित्रं. ती सोडवताना घरातलं तूपसुद्धा विकलं गेलं होतं, म्हणून सासूबाई पुढ्यात येऊन बसल्या आणि असं काय मोठं आहे ह्या पुस्तकात, म्हणून खोदून विचारू लागल्या. ह्यांनी आईला समजेल असं थोडक्यात सांगितलं, की ही मर्यादित प्रत आहे.

सासूबाईंचा चेहरा एकदम निवळला. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "मर्यादेचं हाय काय? मंग ठीक केलं बाबू."

हे हसले. मी हसले नाही, कारण माझ्या ध्यानात आलं होतं की सासूबाईंना काय ऐकू आलं. त्यांच्या भाषेत मर्यादा म्हणजे डोक्यावरचा पदर, खाली घातलेली मान, उंबऱ्याच्या आतला पाय. पुण्याच्या लोकांनी ह्या सगळ्यावर एक पुस्तक छापलं आहे आणि लेकानं ते तूप विकून आणलं आहे, अशी त्यांची समजूत झाली. ती दूर करायची मला काही गरज वाटली नाही.

मग उन्हाळा लागला. हे पेपर तपासायला काही दिवस वाशीमला गेले. जाताना किल्ली आईकडं ठेवून गेले. दुपारी आमच्या मागच्या ओसरीत आळीतल्या बाया सरगुंडे करायला जमायच्या. भिजवलेली कणीक काडीवर बारीक गुंडाळत न्यायची, की वाळल्यावर पोकळ शेवई तयार. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, त्यामुळे गावातल्या यच्चयावत सुना तिथं सोलून निघायच्या. सासूबाईंना ते आवडत नसे, कारण कधी ना कधी विषय ह्यांच्या व्ही.पी.वर यायचा. त्यांनी एके दुपारी किल्ली माझ्या पुढ्यात टाकली आणि सांगितलं, ते मर्यादेचं पुस्तक आण आणि बायांना वाचून दाखव, चार चांगल्या गोष्टी कानावर पडू दे.

मी धावत गेले. पुस्तक आणलं, उघडलं, तर पानं जोडलेली. सासूबाईंना वाटलं दमटपणानं चिकटली. त्यांनी विळी आणली, पाटावर पाय दिला आणि कांद्याची पात चिरावी तशी एकेक घडी पात्यावरून ओढली. क्रमांकाच्या पानाला जरा हळद लागली. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे.

मी वाचू लागले. नायिका नदीकाठी सख्याची वाट पाहते, झुरते, त्याच्या आठवणीनं तिच्या अंगावर काटा येतो, असं सगळं. दोन पानं झाल्यावर मला वाटू लागलं की आता कुणीतरी विचारणार, हे कसलं मर्यादेचं. पण आळीतल्या थोरल्या काकूंनी निकाल देऊन टाकला. सखा म्हटलं की किसनदेवच, दुसरं कोण असणार? नदी म्हणजे यमुना. काटा येतो तो भक्तीचा. पुढं मग अडलंच नाही. कवीनं जे जे म्हणून चोरून लिहिलं होतं ते ते काकूंनी उघड्यावर आणून किसनदेवाच्या नावे जमा केलं. एक बाई होती, तिचा नवरा कामाला म्हणून गेला तो अजून परतला नव्हता. ती कणीक तशीच धरून रडायला लागली. सासूबाईंनी मला तेवढंच पान पुन्हा वाचायला लावलं.

हे परत आले ते नेमके दुपारी. माझ्या मांडीवरचं पुस्तक पाहून दारातच थांबले. त्या चेहऱ्याचं चित्र काढून मढवायला हवं होतं, देवाच्या मापाच्या चौकटीत मावलं असतं. आईला बाजूला घेऊन म्हणाले, हे पुस्तक तसं नाही. आई म्हणाली, कसं नाही? आता सांगणार काय? पान कापायचं नसतं म्हणावं, तर वाचायचं नाही ते तूप विकून आणलंस कशाला, हे येणार. आत काय आहे ते सांगावं, तर असलं पुस्तक घरात ठेवलंसच कसं, हे येणार. शेवटी हे अवसान आणून एवढंच म्हणाले, की माय, हे मर्यादित आहे. म्हणूनच तर वाचून राहिलो, असं सासूबाई म्हणाल्या आणि मला पुढं चालू करायची खूण केली. हे मागच्या दारानं कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले.

रोज वाचन होऊ लागलं. माझी एकच धास्ती होती: त्या शब्दाचा अर्थ सासूबाईंना कळला की पुस्तक कपाटात जाणार आणि मी पुन्हा चिठ्ठीवर येणार. कुणी शिकलेलं माणूस घरी आलं की मी पुस्तक पदराखाली घ्यायची. आणि नेमके एका दुपारी न कळवता अकोल्याचे वकील उतरले. नवी प्रत बघायला.

ह्यांनी येऊन माझ्या मांडीवरून पुस्तक उचललं. पुढच्या बैठकीत वकिलांनी ते चष्मा पुसून हातात घेतलं, उघडलं, आणि विळीनं दातरलेल्या कडा बघून विचारलं, "हे कुणी वाचलंय का?" चोरी झालीय का, असं विचारावं तसं. मग ह्यांच्याकडं दयेनं बघून सांगू लागले की त्यांच्याकडंही ह्याच पुस्तकाची प्रत आहे आणि तिचं एकही पान उघडलेलं नाही. पुढंही कधी उघडणार नाही. आता ह्या पुस्तकात काही राम राहिला नाही. वर भिंतीवरच्या टिकल्यांच्या बाईकडं नजर गेली तसे ते खोकले. हे खाली मान घालून उभे होते. मला तेवढ्यापुरती त्यांची कणव आली. माझ्या नवऱ्याचा असा अपमान करायचा तर तो मी करावा, परक्यानं का?

सासूबाई मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मागं बाया, हात कणकेचे. त्यांनी वकिलांना विचारलं की मर्यादेचं पुस्तक वाचलं तर बिघडलं काय. वकील हसले. त्यांनी मुद्दाम सोपं करून, शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं की मर्यादित म्हणजे मर्यादेचं नव्हे. मर्यादित म्हणजे थोड्याच प्रती छापलेलं. आणि आत तर शृंगार आहे, बाई.

थोरल्या काकूंचा किसनदेव एका वाक्यात गेला होता. आळीतल्या बायांना बसवून आपण काय ऐकवलं, हे सासूबाईंना चारचौघांत कळलं होतं, आणि चारचौघांतली शोभा त्यांना किती लागायची ते मला ठाऊक होतं. मी मनातून पुस्तकाला निरोप देऊन टाकला.

त्यांनी विचारलं, "थोडेच कायले छापते?"

"सगळ्यांना मिळू नये म्हणून," वकील म्हणाले. "त्यातच तर त्याचं मोल."

सासूबाईंनी हाताची कणीक झटकली. मग म्हणाल्या, "मंग आमच्या मर्यादेवानीच हाय की हे. ते बी आमाले काई भेटू नये म्हनूनच केलेली."

ज्या बाईनं ती मर्यादा माझ्यावर रोज उठून राबवली तीच हे बोलत होती, आणि माझा तिच्यावरचा राग त्या दिवशी गेला असं मी म्हणणार नाही. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं हेही खरं. सासूबाईंनी वकिलांच्या हातून पुस्तक घेतलं आणि माझ्याकडं दिलं.

"वाच वं पुढं," म्हणाल्या. आणि लेकाकडं वळल्या. "तुनं वाचलं काय रे हे?"

"नाही," हे म्हणाले.

"मंग बस."

वकिलांनाही बसा म्हटलं, पण त्यांना एकाएकी मोटार गाठायची आठवण झाली. हे मागच्या ओसरीत येऊन बसले, बायांच्या मागं, भिंतीला टेकून, पाय दुमडून. थोरल्या काकूंनी त्यांच्याही हातात कणकेचा गोळा आणि काडी दिली. त्या पानावर नायिका आंघोळीला निघाली होती. मी ते पान फार सावकाश वाचलं.