ओ पॉझिटिव्ह, ओ निगेटिव्ह आणि माझी नणंद

भंडारा जिल्ह्यात लोकांना नावं ठेवण्यात पटाईत माणसं पुष्कळ सापडतील, पण नाव कसं ठेवावं याचे नियम करून ते अख्ख्या घराला पाळायला लावणारी बाई एकच आहे, आणि ती माझ्या वाट्याला नणंद म्हणून आली. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. मी तिला ताई म्हणते. लग्न तिनं केलं नाही. नागपूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत बरीच वर्षं काढली आणि सासूबाईंचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा नोकरी सोडून भंडाऱ्याला परत आली. मी एका धर्मादाय दवाखान्याच्या रक्तपेढीत टेक्निशियन आहे. त्या दवाखान्याची मुख्य रक्तपेढी भंडाऱ्याला, आणि तुमसर नि पवनी इथे रक्त साठवायची छोटी केंद्रं. प्रत्येक ठिकाणी कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते तिथल्या कॉम्प्युटरवर भरायचं आणि त्याची नक्कल आपोआप बाकीच्या ठिकाणी जायची, म्हणजे भंडाऱ्याच्या फ्रीजमध्ये काय आहे ते तुमसरच्या डॉक्टरला बसल्या जागी दिसावं. ही नक्कल चालू ठेवायचं काम ताईकडे आलं, आणि आमच्या घरातली शांतता गेली.

कारण तिच्या मते सगळी नक्कल नावांवर उभी असते. "स्कीमा म्हणजे घर, टेबल म्हणजे त्यातली खोली, आणि कॉलम म्हणजे खोलीतली खुंटी," तिनं मला वरण ढवळता ढवळता समजावलं होतं. "खुंटीचं नाव चुकलं की सदरा भलत्याच खुंटीवर जातो." म्हणून तिचे नियम. नावात कॅपिटल अक्षर नको. मोकळी जागा नको, तिथे खाली आडवी रेघ मारायची, तिला अंडरस्कोर म्हणायचं. अक्षर, आकडा आणि ती रेघ, यापलीकडे एकही चिन्ह नको. नाव फार लांब नको, कारण समोरचा कॉम्प्युटर शेपूट कापतो आणि मग दोन लांब नावं कापून एकसारखी होतात. हे ऑफिसात ठीक होतं. पण तिनं एका रविवारी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या लावल्या: डाळ_तूर, डाळ_चणा, पोहे_जाड, पोहे_पातळ. सासूबाई चष्मा पुसून बघत राहिल्या. "काहून वो, या डब्ब्यावर रेघ कायले मारली? चिरला का डब्बा?"

"रेघ नाही आई, अंडरस्कोर आहे."

"मंग ठीक हाय. मले वाटलं चिरला."

आमच्या नात्यात तीन बबलू. ताई त्यांना गावांवरून, तोंडावर बबलू बपेरा, बबलू नाकाडोंगरी आणि नुसता बबलू अशा हाका मारते. बपेऱ्याच्या बबलूनं तुमसरला बियाण्यांचं दुकान टाकलं, बायकापोरांसकट तिकडे राहायला गेला, तरी ताईनं नाव बदललं नाही. एकदा दिलेलं नाव बदललं की मागच्या सगळ्या नोंदी तुटतात म्हणे. आता तुमसरची गिऱ्हाइकंही त्याला बपेराच म्हणतात. एका बारशात तर आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि ही मधेच म्हणाली, "हे नाव याच्या चुलत आजोबांचं आहे. दोघंही एकाच घरात. हाक मारली तर येईल कोण?" बाळाचे सख्खे आजोबा शांतपणे म्हणाले, "त्याले ऐकूच येत नाही बाई. पोरगाच येईन."

मी हे सगळं हसत सांगते आहे, पण मागच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत एक सकाळ अशी आली की त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात यावर कोणी हसलं नाही.

मी रक्तपेढीत फ्रीजचं तापमान बघत होते. ताई कोपऱ्यातल्या टेबलावर तिचं काम करत होती. तुमसरहून सिस्टरचा फोन आला. बपेऱ्याकडची एक बाई पहाटे बाळंत झाली होती, बाळ ठीक होतं, पण बाईचं रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. त्यांच्याकडे होती ती एक पिशवी लावून झाली होती. "मॅडम, ओ निगेटिव्हच्या दोन काढून ठेवा. गाडी निघालीच आहे."

"ओ निगेटिव्ह?" मी म्हटलं. "सिस्टर, आमच्याकडे एकही नाही."

"असं कसं मॅडम? स्क्रीनवर ढीगभर दिसून राहिलं. म्हणून तर डॉक्टरांनी तिला तिकडे हलवलं नाही."

मी फ्रीज उघडून परत पाहिलं. त्या कप्प्यात काही नव्हतं. शेजारी ओ पॉझिटिव्हच्या पिशव्या रांगेनं होत्या. मी वळले तर ताई उठून उभी होती. तिनं फोनवरचं माझं बोलणं ऐकलं होतं. तिनं तुमसरचा पडदा आपल्या कॉम्प्युटरवर उघडला, एकदा पाहिलं, आणि निगेटिव्हच्या आकड्यावर बोट ठेवलं.

आदल्या दिवशीच भंडाऱ्याच्या रक्तपेढीत नवं सॉफ्टवेअर आलं होतं. त्यात रकान्यांची नावं ओ अधिक आणि ओ उणे, चिन्हांसकट. ताईच्या नियमात चिन्हाला जागा नाही. तिनं लिहिलेल्या प्रोग्रामनं नक्कल करताना अधिकच्या जागी रेघ मारली आणि उण्याच्या जागीही रेघच मारली. दोन्ही रकाने एकाच नावाचे झाले, आणि तुमसरच्या पडद्यावर निगेटिव्हच्या पुढे पॉझिटिव्हचा आकडा जाऊन बसला.

"माझ्या नियमानं केलं हे," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की मी आधी ओळखलाच नाही.

रडायला वेळ नव्हता. मी तुमसरच्या डॉक्टरांना सांगितलं की रक्त नाही, बाईलाच इकडे आणा. ते फक्त "निघतो" म्हणाले. ताईनं तेवढ्यात नक्कल बंद केली आणि दोन्ही केंद्रांना फोन करून सांगितलं की पडद्यावर विश्वास ठेवू नका, फ्रीज उघडून बघा. मग आम्ही रक्तदात्यांना फोन लावत सुटलो. एक जण पुण्याला गेलेला. एकीला ताप. नागपूरहून एक पिशवी मिळत होती, पण ती यायला वेळ लागणार होता. पुढचा दाता गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावचा, आता पवनीकडच्या पुनर्वसन वस्तीत राहणारा, मासेमारी करणारा. फोन त्याच्या बायकोनं उचलला.

"ते तं पाण्यात गेले जी. फोन घरीच हाय."

ताईनं माझ्या हातून फोन घेतला. "बाई, इकडे एक बाळंतीण मरून राहिली. त्यांना हाक मारता येईल का?"

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज. मग पायांचा आवाज, आणि दूर कुठेतरी ती बाई गळा फाडून ओरडत होती. फोन तिनं बंद केला नव्हता. आम्ही दोघी ते ओरडणं ऐकत उभ्या राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. शेवटी एक पुरुषी आवाज आला, धापा टाकत. "हो जी, येतो. पण गाडी नाही माह्याकडं."

शेजाऱ्यानं त्याला मोटारसायकलवर वाटेतल्या अड्याळ गावापर्यंत आणायचं आणि तिथून ताईनं घ्यायचं असं ठरलं. ताई आपली जुनी गाडी घेऊन निघाली तेव्हा मी तिला सावकाश जा म्हणाले, आणि लगेच वाटलं, काय बोलतो आपण.

बाईची अॅम्ब्युलन्स आधी पोचली. मी स्ट्रेचरवर तिचा हात पाहिला. नखं पांढरी पडली होती. हातातल्या हिरव्या बांगड्या सैल झाल्यासारख्या कोपराकडे सरकल्या होत्या. तिची सासू बाळाला तुमसरलाच दुसऱ्या सुनेकडे ठेवून आली होती आणि प्रत्येकाला एकच विचारत होती, "भेटलं का जी रगत?" मी दर वेळी "येऊन राहिलं" म्हणत होते.

ताईची गाडी आवारात शिरली ती एका कुंडीला धडकूनच. मच्छीमार भाऊ ओल्याच अंगानं उतरले. खुर्चीवर हात पसरून बसले आणि मला म्हणाले, "ताई अड्याळपासून एक शब्द नाही बोलल्या जी. मले वाटलं, पकडून नेऊन राहिल्या का." कोणी हसलं नाही. रक्त घेतलं, तपासण्या केल्या, जुळवून पाहिलं. त्या सगळ्याला जितका वेळ लागतो तितका लागतोच. ताई वॉर्डच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती, कोणीही खुर्ची दिली तरी बसली नाही. पिशवी आत गेली. संध्याकाळी नागपूरचीही आली. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "रक्त थांबलं. वाचेल."

ताईनं प्रोग्राम दुसऱ्याच दिवशी बदलला. आता दोन नावं एकसारखी होऊ लागली की नक्कल जागीच थांबते आणि सगळ्यांचे फोन वाजतात. दवाखान्याच्या विश्वस्तांसमोर तिनं चूक स्वतःची म्हणून सांगितली. नव्या सॉफ्टवेअरवाल्यांवर ढकलायला वाव होता, तिनं ढकललं नाही. मग एके दिवशी मला म्हणाली, "त्या बाईकडे जायचं आहे. तू चल सोबत."

बपेऱ्याकडच्या तिच्या घरी बाई अंगणात उन्हाला बसली होती, सासू शेजारी. बाळ सुपात झोपलेलं. ताईनं सगळं सांगितलं, अधिक-उण्यासकट. त्या दोघींना किती कळलं कोण जाणे. बाई खाली मान घालून ऐकत होती. सासूनं मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्यापायी माही सून मरत होती."

"हो," ताई म्हणाली.

म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. मग आत गेली आणि चहा घेऊन आली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. कपबशी तेवढी हातात दिली, आणि ताईनं ती दोन्ही हातांनी धरली.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या गंज्या होत्या. तुमसर मागे पडल्यावर ताईनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. ती समोर बघत म्हणाली, "ती गेली असती तर मी काय केलं असतं गं?"

 सासूबाई घरी एकट्या आहेत, वाट बघत असतील, एवढंच मी म्हणाले. तिनं मान हलवली. इतक्या वर्षांत तिनं आपली गाडी कोणालाही चालवू दिली नव्हती, माझ्या नवऱ्यालाही नाही. तिनं किल्ली काढून माझ्या हातात ठेवली, बाजूच्या सीटवर येऊन बसली आणि डोळे मिटून घेतले. मी जपून गाडी काढली. भंडारा येईपर्यंत ती झोपली होती की नाही, ते मी पाहिलं नाही.