अखाजीच्या दिवशी, फुकुईकडच्या हॉटेलात

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि निम्म्या लोकांना मनातल्या मनात ‘डोळे तपासून घ्या’ असं सांगते. तेव्हा माझं वाचून कुणी मला तेच सांगितलं, तर मी राग धरणार नाही.

मी सुरतची. आमची माणसं मूळची खानदेशातली, पण माझा जन्म इथल्याच गोडादऱ्याचा. जपानमधून कापड विणायचे जुने वॉटरजेट लूम आणून इकडच्या कारखानदारांना विकणाऱ्या एका ऑफिसात मी नोकरी करते. मागच्या वर्षी शेठनी मला जपानला पाठवलं. फुकुईच्या पुढे एक छोटं गाव आहे, तिथली विणाईची मिल बंद होत होती. तिचे लूम बघायचे, फोटो काढायचे, सुटे भाग तपासायचे. शेठ स्वतः ओसाकात झकास हॉटेलात उतरले आणि मला स्टेशनसमोरच्या सगळ्यात स्वस्त हॉटेलात टाकलं. खोली एवढीशी की बॅग उघडून ठेवली तर चालायला जागा नाही. खिडकीखाली एक टेबल, टेबलावर पाण्याची इलेक्ट्रिक किटली आणि एक काचेचा ग्लास... बस.

आणि दिवस नेमके अखाजीचे. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आम्हा खानदेशी लोकांना ती दिवाळीच्या तोडीची. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात, वर डांगर — म्हणजे खरबूज — ठेवतात, आणि मगच सगळे जेवतात. माणूस गेल्यानंतरची पहिली अखाजी तर चुकवायचीच नाही. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आदल्या पावसाळ्यात गेले. ही त्यांची पहिली घागर होती.

आबांना दोन मुलगे. दादा सुरतजवळच कडोदऱ्याला राहतो, धाकटा पंकज गोडादऱ्याला. आबा जाताच घरावरून दोघांचं बोलणं बंद झालं. म्हणून निघण्याआधी मी दोघांनाही विचारलं होतं, घागर कोण भरणार? तुमचं जमत नसेल तर माझ्या घरी माझा नवरा भरेल, असंही म्हटलं. हे मुलीचं काम नाही म्हणून दादानं मला गप्प केलं. “तू आते सासरनी. बापनी घागर पोऱ्या भरतस, तुनं काय काम?” पंकज म्हणाला, टेन्शन घेऊ नको, सगळं होईल. मला ते ‘सगळं होईल’ तेव्हाच खटकलं होतं.

आता मुख्य गोष्ट. अखाजीच्या आदल्या दिवशी मी सकाळी किटली भरून ठेवली — आल्यावर चहा करायला — आणि मिलमध्ये गेले. दुपारी परत आले तर किटली कोरडी. ग्लास टेबलाच्या कोपऱ्यात उपडा. वाटलं, आपणच विसरलो. प्रवासाचा शीण, दुसरं काय.

पण त्या उपड्या ग्लासाकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले. आमचे आबा आयुष्यभर लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, राबले. तिथे हवेत धाग्याची कुसळं उडत असतात, म्हणून कामगार पाणी पिऊन झालं की पेला उपडा ठेवतात. आबा रिटायर झाले तरी घरात तेच. आई चिडायची, पाहुण्यांसमोरसुद्धा तेच.

अखाजीच्या सकाळी मी मुद्दाम किटली काठोकाठ भरली, ग्लासही भरून सुलटा ठेवला आणि दारावर ‘साफसफाई नको’ची पट्टी लावली. दुपारी दार उघडलं. किटली कोरडी, ग्लास उपडा, टेबलावर पाण्याचा थेंब नाही. मी तशीच खाली गेले.

काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई असायची. फोनवर भाषांतर करून तिला सांगितलं. खोलीत कुणी गेलं नाही, असं ती परत परत म्हणाली, तरी वर आली, वाकून माफी मागितली आणि दुसरी किटली आणून दिली. मी तिच्या देखत किटली भरली, ग्लास भरला. जुनी किटली ठेवायला आम्ही दोघी खाली गेलो, ती टॉवेल द्यायला परत माझ्यासोबत वर आली. किटली रिकामी होती. ग्लास उपडा होता. बाईचा चेहरा उतरला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

तिनं हातातले टॉवेल पलंगावर ठेवले. मग फोनमध्ये काहीतरी बोलली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. तिची आई रोज सकाळी तिच्या गेलेल्या वडिलांच्या फोटोपुढे पाणी ठेवते, तुमच्याकडे कुणाचं पाणी ठेवायचं राहिलंय का, असं तिनं विचारलं होतं.

मी तिथूनच दादाला फोन लावला. सुरतेत तेव्हा भर दुपार, पुरणपोळी आणि आमरसाची वेळ. दादा जेवत होता. मी विचारलं, घागर भरली?

“आबा पंकजकडे व्हतात ना,” तो म्हणाला. “मंग त्यानीच भराले पाहिजे.”

पंकजला लावला. तो म्हणाला, मोठा मुलगा भरतो, मी कशाला भरू? दादानं भरली नाही का?

तेही जेवत होते. दोन्ही घरांत पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला, आणि बापाला पाणी कुणी ठेवलं नाही. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयुष्यात इतकी कधी तळतळले नव्हते.

त्या बाईनं मला जेवणाच्या हॉलमधला एक काचेचा जग आणून दिला. दुकानातून मी खरबुजाची कापलेली फोड आणली, प्लास्टिकच्या डबीतली. जग भरला, वर बशीत ती फोड ठेवली, शेजारी ग्लास भरला. मला विधी येत नाहीत, मुलींना कुणी शिकवलेच नाहीत. मी फक्त म्हटलं, “आबा, पाणी घ्या. तुमच्या पोरीनं भरलंय.”

मी समोर पलंगावर बसून राहिले. पाणी हललं नाही. मग मला रडू आलं, मी तोंड धुवायला आत गेले, बाहेर आले... जग तळापर्यंत रिकामा. ग्लास उपडा. त्यानंतर मी तिथे होते तेवढे दिवस किटलीतलं पाणी एक घोटही कमी झालं नाही.

घरी येऊन दोघा भावांना सांगितलं. पंकज हसला. दादा म्हणाला, आबा कधी विमानात बसले नाहीत, त्यांना तिथली वाट कशी सापडेल? त्याच्या बायकोनं मात्र मान खाली घातली.

यंदा दोघांनीही आपापल्या घरी घागर भरली. दोघांनी वेगवेगळे फोटो ग्रुपवर टाकले, एकमेकांच्या फोटोला कुणी अंगठाही दिला नाही.

पाणी कुठे गेलं, ते मला आजही सांगता येत नाही. किटली फुटकी होती म्हणा, माझा भ्रम म्हणा, त्या बाईचाही भ्रम म्हणा. एक वेळ तेही मानेन. पण सुरतेत दोन धडधाकट मुलगे असताना माझ्या बापाला एवढ्या लांब येऊन पाणी प्यावं लागलं, याचं काय स्पष्टीकरण आहे ते मला कुणीतरी सांगा.