लिफ्टची पाटी

ऐंशी-नव्वदच्या दशकांत कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याचा कारभार मी बघायचो. रुबाब होता म्हणा की. जीप मागच्या दाराला लागायची आणि तिथनं लिफ्टनं थेट केबिन. बारा वर्षांत पुढच्या फाटकातनं मी कधी आत शिरलोच नाही. पुढं विद्यापीठात रुग्णालय प्रशासन शिकवायला लागलो आणि जीप गेली. पहिल्याच सत्रात पोरांना तो दवाखाना दाखवावा म्हणून परवानगी मागायला गेलो, ते सिटी बसनं आणि पुढच्या फाटकातनं.

केसपेपरच्या खिडकीशी मलकापूरकडची एक म्हातारी भेटली. एकटीच, हातात फाईल, धाप लागलेली. हृदयाचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर, फक्त गुरुवारी, तेही एकपर्यंत. पहाटेची एसटी धरून आलेली बाई, आणि रांगेतच पावणेएक झालेले. आज हुकलं तर पुढचा गुरुवार. तोवर निभेल का, याची तिलाच खात्री नव्हती. मी म्हटलं, चला, मी दाखवतो. मोठ्या तोऱ्यात निघालो आणि भलत्याच बोळात घुसलो. परत फिरलो, तर रक्त तपासायच्या खोलीपुढं. म्हातारीनं मला खालीवर न्याहाळलं.

“पावणं, तुमी बी पैल्यांदाच आलाय व्हय?”

हसावं का रडावं, कळेना.

शेवटी लिफ्ट सापडली. दारातल्या नव्या माणसानं हात आडवा घातला आणि पाटी दाखवली. लिफ्ट फक्त डॉक्टर व कर्मचाऱ्यांसाठी. पेशंटची गर्दी होते, डॉक्टरांचा खोळंबा होतो, म्हणून तो हुकूम मीच काढलेला. मी इथं कोण होतो ते सांगू लागलो, तर तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखाच.

म्हातारी जिन्याकडं वळली. आठव्या पायरीवर छातीला हात लावून मटकन बसली. ओठ निळे पडलेले. एका नर्सला तिच्याजवळ थांबवून मी जिन्यानं वर पळालो. पन्नाशी उलटलेला गडी, तिसऱ्या मजल्यावर पोचेतो जीव घशाशी आला. डॉक्टर निघायच्या बेतात होते. काय बोललो आठवत नाही, त्यांची बाही धरलेली तेवढी आठवते. भला माणूस. खाली आले, पायरीवर तिच्याशेजारी बसून नाडी बघितली, स्ट्रेचर मागवलं आणि लिफ्टनंच तिला वर नेलं. या खेपेला कुणी पाटी दाखवली नाही.

चार दिवसांनी भेटायला गेलो. उशीला टेकून चहा पीत होती. मला बघून कप खाली ठेवला आणि हात जोडले.

“तुमी हुता म्हणून जीव वाचला बगा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपकार तर तिचे होते. बारा वर्षं केबिनीत बसून जे कळलं नाही, ते तिनं एका दुपारात शिकवलं, तेही स्वतःचा जीव टांगणीला लावून. माझ्या जागी आलेल्या साहेबांना गाठून, पाटी उतरवायला लावूनच मी तिच्याकडं गेलो होतो. पण ती लावणारा मीच, हे सांगायला जीभ रेटली नाही. तिला सांगता आलं नाही, म्हणून दरवर्षी पहिल्या तासाला पोरांना सांगतो.