बादलीला चिकटलेलं पीठ

जर्मन माणसाला पावाबद्दल काही विचारू नये. जगाला पाव खायला आपणच शिकवलं, असं त्याला वाटतं. आम्ही राहतो जर्मनीत, पण माझा नवरा फिनलंडचा. गेल्या हिवाळ्यात त्याची आई गेली आणि तेव्हापासून त्याने घरी पाव भाजला नव्हता. दुकानातला काळा पाव आणायचा, दोन घास खायचा आणि उरलेला बाजूला सारायचा. त्यात शहाजिरं, बडीशेप, धणे! पाव आहे की मसाल्याचा डबा? सासूबाईंच्या पावात रायचं पीठ, पाणी आणि मीठ, एवढंच असे. तसा पाव त्याला करून घालायचाच, असं मी ठरवलं.

राय हे धान्य इथे ढिगाने मिळतं. पण कोंड्यासकट जाडंभरडं दळलेलं पीठ काही मिळेना. झिंडेलफिंगेन या आमच्या गावातल्या एका दुकानातल्या बाईंनी मैद्यासारखं पांढुरकं पीठ पुढे केलं. हे नको म्हटलं तर म्हणाल्या, "आल्झो, रोगेन इस्ट रोगेन." राय म्हणजे राय म्हणे! भाताला आणि इडलीला एकच तांदूळ घेतला असता तर आमच्याकडे मला स्वयंपाकघरात कोणी उभं केलं नसतं. वर आंबवायला पुडी घ्या म्हणाल्या. पुडी! शेवटी बाहेरच्या एका खेड्यातल्या गिरणीत हवं तसं पीठ मिळालं.

आंबवण मात्र शोधायचं नव्हतं. ते सासूबाईंच्या लाकडी बादलीत होतं. त्यांच्याकडे पावाचं पीठ भिजवायची बादली धूत नाहीत. आत चिकटून वाळलेल्या पिठातूनच पुढचा पाव आंबतो. अंत्यविधीनंतर नवऱ्याने ती बादली विमानात मांडीवर ठेवून आणली होती.

मी पीठ घेऊन घरी आले तर बादली बाल्कनीत उन्हात पालथी घातलेली.

पुण्याहून आलेली माझी आई कौतुकाची वाट बघत उभी होती. "अगं, केवढी घाण चिकटली होती! आंबूस वास येत होता. गरम पाण्याने, साबणाने लख्ख घासली. जावईबापूंना बरं वाटेल."

"तिला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"मला काम पडू नये म्हणून म्हणतेस, असं वाटलं गं."

"आजी गेल्यावर तिच्या हातचं विरजण कोणी मोरीत ओतलं असतं तर?" मी ओरडले.

आई मटकन खुर्चीत बसली. मला तिची अजिबात दया आली नाही. दिसेल ते घासत सुटायचं, आणि त्याला माया म्हणायचं! नवं आंबवण मलाही करता येतं. पण ते त्याच्या आईच्या हातचं कसं होणार?

संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने बादली उचलली आणि आत तोंड घालून वास घेतला.

"लिंबाचा वास येतोय," तो मला जर्मनमध्ये म्हणाला. मग आईकडे वळून त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "छान स्वच्छ, आई."

आईला रडू फुटलं. त्यानेच तिला जवळ घेतलं. मी घेतलं नाही.